स्तंभाला क्रमांकाने नव्हे, नावाने हाक मारा

मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी काही लेख विचारांचे असतात, काही आठवणींचे असतात. यंदा कार्यवाहांनी मला निराळेच काम सांगितले. अभ्यासिकेत येणारी पाच-सात मुले-मुली संगणकावर आकडेवारीचे काम शिकत आहेत; त्यांच्या व त्यांच्यासारख्या इतरांच्या उपयोगी पडेल असे काही सोप्या मराठीत लिहून द्या, असे ते म्हणाले. मी संख्याशास्त्राचा शिक्षक. हाताला सवय खडूची, लेखणीची नव्हे. तेव्हा सुज्ञ वाचकांनी भाषेतील उणिवा पोटात घालाव्यात, ही विनंती.

विषय निवडताना मला फार शोधावे लागले नाही. माझ्याच हातून झालेली एक चूक समोर होती, तीच सांगतो.

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील कोणत्या खेड्यांत मुलींसाठी अभ्यासवर्ग सुरू करावेत, हे ठरविण्यासाठी मंडळाने एक छोटी समिती नेमली होती. पैसा थोडा, गावे पुष्कळ. भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी या भागांतून मागण्या आल्या होत्या. ज्याचा आवाज मोठा त्याला वर्ग, असे होऊ नये म्हणून मी सुचविले की २०११ च्या जनगणनेत गावनिहाय स्त्री-साक्षरतेचे आकडे उपलब्ध आहेत, त्यावरून यादी करू. सर्वांना ते पटले. मी संगणकावर बसलो, एका संध्याकाळी यादी तयार केली, छापून बैठकीत वाटली. सर्वांत कमी साक्षरतेची गावे वर, बाकीची खाली, असा क्रम होता.

यादी वाचली जात असताना मागच्या रांगेतील एक अंगणवाडी सेविका ताई उठून म्हणाल्या, "भाऊ, आमच्या गावच्या अर्ध्या बाया अजून अंगठा लावतेत, अन् तुमच्या कागदात त सारं गाव शिकेल दाखोलं. हे काऊन जी?"

मी यादीची शेवटची पाने उलटली. काही गावांत स्त्री-साक्षरता शंभर टक्क्यांच्याही वर गेलेली होती. शंभरांतल्या एकशे तीन स्त्रिया साक्षर! मान खाली घालून मी यादी परत मागून घेतली.

चूक कुठे झाली होती, हे समजण्यासाठी तक्ता कसा असतो ते आधी पाहिले पाहिजे.

तक्ता, ओळ आणि स्तंभ

जनगणना खात्याचा "प्राथमिक जनगणना गोषवारा" हा एक फार मोठा तक्ता असतो. त्यात प्रत्येक गावाला एक आडवी ओळ आणि प्रत्येक माहितीला एक उभा स्तंभ. संख्याशास्त्रात या उभ्या स्तंभाला "चल" म्हणतात, कारण गावागावाप्रमाणे त्याची किंमत चळते, बदलते. राज्याचा संकेतांक, जिल्ह्याचा, तालुक्याचा, गावाचा, मग गावाचे नाव, कुटुंबांची संख्या, एकूण लोकसंख्या, पुरुष, स्त्रिया, शून्य ते सहा वयाची बालके, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, निरक्षर, काम करणारे, असे स्तंभ ओळीने येतात. बहुतेक माहिती तीन-तीन स्तंभांत असते : एकूण, पुरुष, स्त्रिया.

मी जी फाइल वापरत होतो तिच्यात स्त्री-साक्षरांचा स्तंभ डावीकडून पंचविसावा होता. मी संगणकाला सांगितले, "पंचविसावा स्तंभ घे, त्याला सात वर्षांवरील स्त्रियांनी भाग, शंभराने गूण." सूत्र बिनचूक होते. साक्षरतेचा दर काढताना एकूण स्त्रियांतून शून्य ते सहा वयाच्या मुली वजा करतात; राहिल्या त्या सात वर्षांवरील. परंतु आदल्या दिवशी सोयीसाठी म्हणून मी तक्त्याच्या अगदी डावीकडे "अनुक्रमांक" असा एक नवा स्तंभ घातला होता. सगळी बिऱ्हाडे एक एक घर उजवीकडे सरकली. पंचविसाव्या जागी आता पुरुष-साक्षरांचा स्तंभ येऊन बसला होता. संगणकाने निमूटपणे पुरुष-साक्षरांना स्त्रियांच्या संख्येने भागले. त्याला काय ठाऊक, पंचविसाव्या घरात कोण राहते!

एवढ्यासाठी नियम असा, की स्तंभाला क्रमांकाने नव्हे, नावाने हाक मारावी. "पंचविसावा" म्हणण्याऐवजी "साक्षर_स्त्री" म्हटले असते तर अनुक्रमांकाचा स्तंभ डावीकडे असो, उजवीकडे असो, मधोमध असो, योग्य तोच स्तंभ उठून आला असता. पोस्टमन चाळीतल्या "तिसऱ्या खोलीत" पत्र टाकत नाही, नाव वाचून टाकतो. भाडेकरू बदलले तरी पत्र चुकत नाही ते त्यामुळेच.

आता हे काम कोणत्या साधनाने करावयाचे? एसपीएसएस, सॅस, स्टाटा ही नावे विद्यापीठात ऐकू येतात. ती चांगली आहेत, पण विकत घ्यावी लागतात. मी मुलांना "आर" नावाची संगणक-भाषा शिकवतो. ती फुकट मिळते. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात ती तयार केली. तिचा पाया "एस" या जुन्या भाषेचा, जी १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविली होती. आरची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. मंडळाच्या जुन्या संगणकावरही ती चालते, यापेक्षा अधिक कौतुक करण्याची गरज नाही.

पुढील उदाहरणांत मी स्तंभांची नावे आणि आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, त्या केवळ वाचकांच्या सोयीसाठी. प्रत्यक्ष यंत्रावर नावे रोमन लिपीत ठेवलेली बरी, आणि आज्ञा व अंक तर रोमन पद्धतीनेच द्यावे लागतात.

नाव आणि नावाची चिठ्ठी

आरमध्ये तक्त्यातून स्तंभ मागण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिली, डॉलरचे चिन्ह लावून :

तक्ता$साक्षर_स्त्री

दुसरी, दुहेरी चौकटी कंसात, अवतरणात नाव लिहून :

तक्ता[["साक्षर_स्त्री"]]

दोन्हींचे उत्तर एकच. मग दोन रीती कशाला? इथेच शिकणाऱ्यांची सर्वांत अधिक धडपड होते, म्हणून थोडे थांबतो.

समजा आपल्याला एकच गणित अनेक स्तंभांवर करावयाचे आहे : आधी साक्षर स्त्रिया, मग साक्षर पुरुष, मग शेतमजूर स्त्रिया. प्रत्येकासाठी तेच ते पुन्हा लिहिणे म्हणजे चुकांना आमंत्रण. त्यापेक्षा स्तंभाचे नाव एका चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी बदलत जावी. चिठ्ठीला आपण "हवे" असे नाव देऊ :

हवे <- "साक्षर_स्त्री"

आता तक्ता[[हवे]] म्हटले की संगणक चिठ्ठी उघडतो, आत "साक्षर_स्त्री" असे वाचतो आणि तो स्तंभ आणून देतो. परंतु तक्ता$हवे म्हटले तर? तर तो चिठ्ठी उघडतच नाही. डॉलरनंतर जे लिहिले तेच नाव, असे तो धरतो, आणि "हवे" नावाचा स्तंभ तक्त्यात शोधू लागतो. तसा स्तंभ नसतो. मग तो रागावतो का? नाही. "काही नाही" असे रिकामे उत्तर देऊन मोकळा होतो. त्या रिकाम्या उत्तराची बेरीज केली तर ती येते शून्य. यादीत छापले जाते : साक्षर स्त्रिया शून्य. माझ्या एका विद्यार्थिनीने याच मार्गाने एक संपूर्ण तालुका निरक्षर करून ठेवला होता. शंभराच्या वर गेलेली टक्केवारी निदान डोळ्यांत भरते. शून्य मात्र दुर्गम भागातले म्हणून खरे वाटून जाते. मेळघाटातील गावाविषयी शून्य छापले असते तर आपल्यापैकी किती जणांनी शंका घेतली असती, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

थोडक्यात, नाव हातात असेल तर डॉलर चालतो; नावाची चिठ्ठी हातात असेल तर दुहेरी कंसच पाहिजे. घरातल्या आजीला "रमाला बोलाव" म्हटले तर ती रमाला हाक मारते. "या कागदावर जिचे नाव आहे तिला बोलाव" म्हटले तर तिने आधी कागद वाचायला हवा. डॉलर ही कागद न वाचणारी आजी होय.

डॉलरची आणखी एक खोड आहे. अर्धे नाव सांगितले तरी तो ओळखल्यासारखे करतो. तक्त्यात "साक्षर" या अक्षरांनी सुरू होणारा एकच स्तंभ उरला असेल, समजा "साक्षर_पुरुष", आणि आपण तक्ता$साक्षर असे मागितले, तर तो न विचारता साक्षर_पुरुष देतो. आपल्याला वाटते एकूण साक्षर मिळाले. असे दोन स्तंभ असतील तर मात्र पुन्हा रिकामे उत्तर. दुहेरी कंस असली अर्धवट ओळख मान्य करीत नाही. अर्ध्या नावावर काम भागवले तर इशारा दे, अशी ताकीदही आरला देऊन ठेवता येते. माझ्या मते ती पहिल्याच दिवशी द्यावी.

चिठ्ठीची रीत हाती आली की काम किती हलके होते पाहा. नावे जोडूनही करता येतात. "साक्षर_" या तुकड्याला "पुरुष" आणि "स्त्री" हे तुकडे आळीपाळीने जोडण्यासाठी "पेस्ट" नावाची आज्ञा आहे. मग पुरुषांचा आणि स्त्रियांचा दर काढणारे गणित एकदाच लिहायचे, आणि फेऱ्या घालणाऱ्या आज्ञेने ते अमरावतीच्या चौदा आणि अकोल्याच्या सात तालुक्यांवर फिरवायचे. एकवीस तालुके, दोन दर, गणित एक. मात्र त्यासाठी नावे शिस्तीने ठेवलेली पाहिजेत. एका ठिकाणी "स्त्री", दुसऱ्या ठिकाणी "महिला" आणि तिसऱ्या ठिकाणी "बाया" असे लिहून ठेवणाऱ्याला जोडनावांचा काहीएक उपयोग नाही.

नावात अर्थ भरून ठेवण्याची ही शिस्त आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या पऱ्हाटीच्या वाणांची नावे पाहा. "एकेए" म्हटले की अकोल्याची देशी कपाशी, "एकेएच" म्हटले की अकोल्याची अमेरिकन जातीची कपाशी. शेवटचे अक्षर त्या त्या कपाशीच्या शास्त्रीय नावाचे आद्याक्षर आहे. बियाण्याची पिशवी न फोडताच शेतकऱ्याला आत काय आहे ते कळते.

काही मुले प्रत्येक तालुक्यासाठी वेगळी वस्तू करतात : "अकोट_तक्ता", "तेल्हारा_तक्ता", "पातूर_तक्ता". मग ती नावाने शोधून आणण्यासाठी "गेट" नावाची आज्ञा वापरतात. ती चालते, पण मला पसंत नाही. एकवीस वस्तू घरभर पसरून ठेवण्यापेक्षा एका पेटीत एकवीस कप्पे करावेत आणि कप्प्यांना नावे द्यावीत. तक्ते[["अकोट"]] म्हटले की कप्पा उघडतो. त्याचप्रमाणे "अटॅच" नावाची एक आज्ञा जुन्या पुस्तकांतून आढळते. ती दिली की तक्त्याचे नाव न घेता नुसत्या स्तंभाच्या नावाने काम होते. सोयीची वाटते, पण ती तक्त्याची जणू प्रत काढून समोर ठेवते. नंतर मूळ तक्त्यात दुरुस्ती केली तरी समोरची प्रत जुनीच राहते, आणि दोन तक्त्यांत एकच नाव असेल तर कोण उत्तर देतो याचा भरवसा नाही. दोन गणेश असलेल्या वर्गात नुसते "गणेश" म्हणून हाक मारणाऱ्या मास्तरासारखी ती गत होते.

आणखी एक किरकोळ पण त्रासदायक बाब. तक्ता आत घेताना आर कधी कधी आपण दिलेले नाव बदलून टाकतो. मथळ्यात जागा मोकळी असेल तर तिथे टिंब घालतो. नाव अंकाने सुरू होत असेल, जसे "०-६", तर त्याच्या आधी एक्स हे अक्षर चिकटवतो आणि मधली रेघ पुसून तिथेही टिंब देतो. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी आपल्या मर्जीने नाव फिरवून लिहिल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांना आहे. तो दाखला आयुष्यभर निस्तरावा लागतो. म्हणून तक्ता आत घेतल्याबरोबर पहिली आज्ञा द्यावी ती स्तंभांची नावे छापण्याची. यंत्राने काय ऐकले ते एकदा डोळ्यांनी पाहावे.

गावाला मात्र नावाने हाक मारू नये

आता उलटी गोष्ट सांगतो. स्तंभाला नावाने हाक मारावी हे खरे, पण ओळीला, म्हणजे गावाला, नावाने हाक मारू नये. तिथे संकेतांक हवा.

कारण साधे आहे. एका तक्त्यात एका नावाचा स्तंभ एकच असतो, निदान असावा. गावांचे तसे नाही. आपल्याकडे पिंपळगाव किती, वडगाव किती, नांदगाव किती! खुर्द आणि बुद्रुक असतात ते वेगळेच. दोन तक्ते गावाच्या नावावरून जोडू गेले तर एका तक्त्यातील तीन पिंपळगावांची दुसऱ्यातील तीन पिंपळगावांशी सर्व प्रकारे जोडी लागते आणि तीन गावांच्या नऊ ओळी होतात. शिवाय रोमन लिपीतील लिखाणाचा घोळ आहे. मूर्तिजापूर कुठे जेने लिहिलेले, कुठे झेडने. बुलडाणा कुठे एचसह, कुठे एचविना. बार्शीटाकळी एका ठिकाणी एक शब्द, दुसऱ्या ठिकाणी दोन. माणसाला ते एकच गाव वाटते, यंत्राला दोन.

जनगणनेत म्हणून प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला संकेतांक असतो. २०११ मध्ये अकोल्याचा ५०१, वाशीमचा ५०२, अमरावतीचा ५०३ होता. पण हे आकडेही जनगणनेगणिक बदलतात. २००१ मध्ये महाराष्ट्राच्या आत मोजणी होऊन अकोला ०५, वाशीम ०६ आणि अमरावती ०७ असे होते. त्यातही "०५" हा संकेतांक यंत्र संख्या म्हणून वाचते आणि डावीकडचे शून्य खाऊन टाकते. संकेतांक हा आकडा दिसत असला तरी ते नावच आहे, त्याची बेरीज-वजाबाकी कधी करावयाची नसते. म्हणून तो मजकूर म्हणून वाच, असे यंत्राला आधीच सांगून ठेवावे.

तसेच गोषवाऱ्याच्या तक्त्यात फक्त गावांच्या ओळी नसतात. जिल्ह्याची एकूण ओळ, तालुक्याची एकूण ओळ, त्यात पुन्हा ग्रामीण आणि नागरी अशा वेगळ्या ओळी, आणि शेवटी गावे, हे सर्व एकाखाली एक असते. कोणती ओळ कोणत्या पातळीची, हे सांगणारा एक स्तंभ असतो. तो न पाहता सरसकट बेरीज केली की तोच माणूस अनेकदा मोजला जातो. २०११ मध्ये अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८,८८,४४५ होती. आपल्या बेरजेचे उत्तर कोटीच्या घरात गेले तर घाबरून न जाता तो स्तंभ पाहावा.

नाव तेच, माणसे दुसरी

आतापर्यंतच्या चुका यंत्राच्या होत्या. त्या पकडता येतात. याहून अवघड चूक अशी, की नाव बरोबर, स्तंभ बरोबर, आज्ञा बरोबर, आणि तरीही उत्तर चुकीचे. कारण एकाच नावाचा अर्थ दोन जनगणनांत दोन प्रकारचा असतो.

"अकोला" हेच नाव घ्या. १९९१ च्या तक्त्यातील अकोला जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाखांच्या वर होती. २००१ च्या तक्त्यात ती १६,३०,२३९ आहे. दहा वर्षांत सहा लाख माणसे कुठे गेली? कुठेही नाही. १ जुलै १९९८ रोजी वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे तालुके काढून वाशीम जिल्हा झाला. २००१ च्या वाशीमचे १०,२०,२१६ मिळवले की बेरीज २६,५०,४५५ होते, आणि ती जुन्या अकोल्याशी ताडून पाहता येते. नाव जुळते म्हणून जोडणाऱ्या यंत्राला हे कळत नाही.

"शेतमजूर" हा दुसरा शब्द. १९९१ मध्ये मुख्य काम करणाऱ्यांचे नऊ व्यवसाय-गट होते. २००१ मध्ये चारच राहिले : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. वर्षातील सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेल्यांना "सीमांतिक" म्हणतात; त्यांची व्यवसायवार विभागणी गोषवाऱ्यात २००१ पासून मिळते, १९९१ च्या गोषवाऱ्यात ती नाही. आणि निंदणी-वेचणीला जाणाऱ्या आपल्या बायाबापड्या नेमक्या याच सीमांतिक रकान्यात मोठ्या प्रमाणात सापडतात. २००१ चे मुख्य आणि सीमांतिक मिळून केलेले "शेतमजूर" १९९१ च्या नुसत्या मुख्य शेतमजुरांशेजारी ठेवले, तर दहा वर्षांत मजूर वाढल्याचा देखावा उभा राहतो. साक्षरतेचेही तसेच. १९८१ पर्यंत दर पाच वर्षांवरील लोकसंख्येवर काढीत. १९९१ पासून सात वर्षांवरील.

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख मंडळाच्या स्मरणिकेत यावा असे मला मनापासून वाटले, ते.

"अनुसूचित जाती" हा स्तंभ १९८१ च्या तक्त्यात आहे आणि १९९१ च्याही तक्त्यात आहे. महाराष्ट्रात १९८१ मध्ये त्याखालील संख्या सुमारे ४४.८ लाख होती, म्हणजे लोकसंख्येच्या ७.१४ टक्के. १९९१ मध्ये ती सुमारे ८७.६ लाख झाली, म्हणजे ११.०९ टक्के. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट! एका चर्चासत्रात एका अभ्यासकांनी या वाढीची कारणे जन्मदरात शोधलेली मी स्वतः ऐकली आहेत. कारण जन्मदरात नव्हते, कायद्यात होते. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत फक्त हिंदू, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर शीख, गणले जात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी प्रगणकाला आपला धर्म "बौद्ध" असा सांगितला, ते या स्तंभातून बाहेर पडले. महाराष्ट्रात १९५१ मध्ये बौद्धांची संख्या अवघी २,४८७ होती, ती १९६१ मध्ये २७,८९,५०१ झाली. १९९० च्या दुरुस्ती कायद्याने आदेशात बौद्धांचा समावेश झाला आणि १९९१ च्या मोजणीत तीच माणसे पुन्हा या स्तंभात आली. स्तंभाचे नाव चाळीस वर्षे तेच. आत कोण आणि बाहेर कोण, हे दिल्लीत ठरत होते.

याचा व्यवहारातला अर्थ असा. १९८१ ची "अनुसूचित जाती" १९९१ शी सरळ ताडून जो निष्कर्ष काढला जाईल तो वऱ्हाडात तर फारच चुकेल. २०११ मध्ये अकोला जिल्ह्यात दर शंभरांत सुमारे अठरा आणि अमरावतीत सुमारे तेरा व्यक्ती बौद्ध होत्या. जिथे हे प्रमाण मोठे तिथे स्तंभाची उडीही मोठी.

आपल्याच कार्यकर्त्यांची एक समजूतही इथे दुरुस्त केली पाहिजे. गावनिहाय गोषवाऱ्यातील अनुसूचित जातीचा आकडा दाखवून "ही आपल्या गावची बौद्ध वस्ती" असे सर्रास सांगितले जाते. गोषवाऱ्यात धर्माचा स्तंभच नाही. धर्माचा तक्ता निराळा असतो, आणि २०११ मध्ये तो तालुक्यापर्यंत व शहरांपर्यंतच दिलेला आहे, खेड्यापर्यंत नाही. अनुसूचित जातीच्या आकड्यात मातंग आहेत, चर्मकार आहेत, इतर अनेक आहेत. उलट सर्व बौद्धही त्यात नाहीत. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२०० होते. त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंद झालेले सुमारे ५२ लाख. उरलेल्या सुमारे १३ लाखांची नोंद धर्माच्या रकान्यात बौद्ध अशी आहे, परंतु अनुसूचित जातीच्या स्तंभात ते नाहीत. योजनांचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात मागताना नेमका कोणता स्तंभ पुढे ठेवला, यावर किती फरक पडतो ते वाचकांच्या लक्षात येईल. या १३ लाखांत प्रत्येकाचे कारण एकच असेल असे मी म्हणत नाही. काहींनी जात सांगणे जाणून टाळले असेल, काहींना प्रश्न नीट विचारला गेला नसेल. तक्ता कारण सांगत नाही.

म्हणून मी मुलांना सांगतो की स्तंभाच्या नावात वर्ष घालावे : "अजा_१९८१", "अजा_१९९१". आणि प्रत्येक नावासमोर एका नोंदवहीत चार गोष्टी लिहाव्यात. हा स्तंभ कोणत्या तक्त्यातून आला, त्यात कोण मोजले, कोण वगळले, आणि हद्द कोणती धरली. नोंदवही साधी दोनशे पानी चालते. संगणकात ठेवली तरी हरकत नाही, पण वही बैठकीत फिरवता येते आणि ताईंसारख्यांना ती वाचता येते.

माझी चुकलेली यादी मी त्या रात्रीच पुन्हा केली. क्रमांक काढून टाकले, नावे घातली, शंभराच्या वर एकही गाव गेले नाही. ताईंचे गाव तळातून वर आले, अगदी पहिले नव्हे, पण पहिल्या दहांत. तिथे अभ्यासवर्ग सुरू झाला. पहिल्या यादीत वर असलेले एक गाव मात्र खाली गेले, आणि तेथील कार्यकर्ते अजूनही माझ्यावर थोडे नाराज आहेत.

यापुढचे काम जनगणनेशीच जोडलेले आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. पुढील जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आणि १६ जून २०२५ च्या अधिसूचनेत देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरविला. सर्व जातींची मोजणी याआधी १९३१ मध्ये झाली होती. म्हणजे नव्या तक्त्यात असे स्तंभ येतील ज्यांची नावे आपल्या हयातीत कोणत्याही तक्त्यात आलेली नाहीत. नोंदवहीत त्यांच्यासाठी आम्ही वीस पाने कोरी सोडली आहेत. ज्यांना हे काम शिकावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा वाजता अभ्यासिकेत यावे. येताना पेन्सिल आणि खोडरबर आणावे, पेन आणू नये.